आसनस्पर्धा (राष्ट्रीय आइस्तेदवॉद)

आसनस्पर्धा ही वेल्समधील 'राष्ट्रीय आइस्तेदवॉद' या वार्षिक साहित्य-संगीत महोत्सवात होणारी वेल्श भाषेतील काव्यस्पर्धा आहे. 'कंग्हानेद' या परंपरागत नादबंधात रचलेल्या दीर्घ कवितेसाठी किंवा काव्यमालिकेसाठी ती घेतली जाते. विजेत्या कवीला त्या वर्षासाठी मुद्दाम घडवलेली लाकडी खुर्ची मिळते व समारंभपूर्वक तिच्यावर बसवले जाते. या खुर्चीला प्रस्तुत लेखात 'आसन' असे म्हटले आहे. वेल्श काव्यक्षेत्रातील हा सर्वोच्च सन्मान समजला जातो.

स्पर्धकाची अनामिकता हे या स्पर्धेचे प्रमुख वैशिष्ट्य होय. कविता टोपणनावाने पाठवावी लागते आणि निर्णय होईपर्यंत कवी कोण हे परीक्षकांना ठाऊक नसते. समारंभात विजेत्याचे केवळ टोपणनाव पुकारले जाते आणि प्रेक्षकांत बसलेला कवी तेव्हा उभा राहतो. १९१७ साली टोपणनाव पुकारल्यानंतर कोणीही उभे राहिले नाही. तो कवी पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. त्या वर्षीचे आसन 'काळे आसन' म्हणून प्रसिद्ध आहे.

## नाव व उच्चार

'आइस्तेदवॉद' हा शब्द 'बसणे' आणि 'असणे' या अर्थाच्या दोन वेल्श शब्दांपासून बनला आहे. मैफल किंवा संमेलन या अर्थाने मराठीत जसा 'बैठक' हा शब्द रूढ झाला, तशीच याची अर्थच्छटा आहे. वेल्श लेखनात 'ड'चे चिन्ह दुहेरी आले की त्याचा उच्चार जीभ दातांना लावून, घर्षणाने केलेल्या 'द'सारखा होतो आणि 'फ'चे एकेरी चिन्ह 'व' असे उच्चारले जाते. त्यामुळे इंग्रजी वळणाने होणारा 'आइस्टेडफॉड' हा उच्चार मूळ उच्चारापासून दूर जातो. आसनविजेत्या आणि मुकुटविजेत्या कवीला 'प्रिवार्द', म्हणजे 'प्रमुख कवी', ही उपाधी लावली जाते.

## इतिहास

### मध्ययुग

या परंपरेचा आरंभ ११७६ सालच्या एका मेळाव्यापासून मानला जातो. दक्षिण वेल्सचा राजा ऱ्हीस अप ग्रिफिद याने कार्डिगन येथील आपल्या किल्ल्यात कवी आणि वादकांच्या स्पर्धा भरवल्या. 'राजपुत्रांचा इतिवृत्तान्त' या मध्ययुगीन बखरीत तिची नोंद आहे. मेळाव्याची घोषणा वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथे करण्यात आली होती. कवींसाठी एक आणि वादकांसाठी एक अशी दोन आसने ठेवण्यात आली होती. काव्याचे आसन उत्तरेकडील ग्विनेद प्रांतातील कवीने पटकावले, तर संगीताचे आसन ऱ्हीसच्या पदरी असलेल्या वादकाला मिळाले.

पंधराव्या शतकाच्या मध्यास कारमार्थन येथे भरलेल्या आइस्तेदवॉदमध्ये डाविद अब एडमुंड हा कवी विजयी झाला. वेल्श काव्यातील चोवीस वृत्तांची त्याने केलेली मांडणी पुढे प्रमाण मानली गेली. सोळाव्या शतकात काइरुइस या गावी १५२३ आणि १५६७ साली दोन मोठे मेळावे झाले. त्यांचा हेतू व्यावहारिक होता. त्या काळी कवी सरदारांच्या घरी फिरून बिदागीवर उपजीविका करीत. खरा शिक्षित कवी कोण आणि कवीच्या नावावर भटकणारा कोण, हे ठरवून योग्य व्यक्तींना परवाना देणे हे या मेळाव्यांचे काम होते. दुसरा मेळावा इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या आज्ञेने भरला. अशा रीतीने त्या काळातील कवीची परीक्षा हा थेट त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

### पुनरुज्जीवन

सरदारांचा आश्रय आटल्यानंतर ही परंपरा क्षीण झाली आणि खाणावळी व मद्यगृहांतील लहान मेळाव्यांपुरती उरली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये राहणाऱ्या वेल्श मंडळींच्या संस्थांनी तिला आर्थिक आधार दिला. विषय आधी जाहीर करणे, रचना लेखी मागवणे आणि त्या टोपणनावाने स्वीकारणे या प्रथा या पुनरुज्जीवनाच्या काळात रुजल्या.

याच सुमारास योलो मॉर्गानुग (मूळ नाव एडवर्ड विल्यम्स) या पाथरवट कवीने १७९२ साली लंडनमधील प्रिमरोज हिल या टेकडीवर 'गोर्सेद' ही कविसभा भरवली. तिचे विधी प्राचीन ड्रुइड पुरोहितांपासून अखंड चालत आल्याचा त्याचा दावा होता. ते विधी त्याने स्वतःच रचले होते, हे विसाव्या शतकातील संशोधनाने स्पष्ट झाले. तथापि १८१९ साली कारमार्थन येथे गोर्सेद आणि आइस्तेदवॉद यांची सांगड घातली गेली व ती आजवर टिकून आहे. आसनसमारंभातील झगे, तलवार आणि मिरवणूक हा सर्व भाग गोर्सेदकडून आला आहे.

१८४७ साली वेल्समधील शिक्षणासंबंधी प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात वेल्श भाषा ही प्रगतीतील अडसर असल्याचा सूर होता. वेल्श जनतेत त्याविषयी तीव्र संताप उसळला. हा अहवाल तेथे आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' या नावाने ओळखला जातो. या पार्श्वभूमीवर १८६१ साली ॲबरडेअर येथे पहिला राष्ट्रीय आइस्तेदवॉद भरला. १८८० साली त्यासाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली. तेव्हापासून युद्धे आणि महासाथ यांमुळे खंडित झालेली मोजकी वर्षे सोडता हा महोत्सव दरवर्षी होतो. एका वर्षी उत्तर वेल्स आणि दुसऱ्या वर्षी दक्षिण वेल्स असे त्याचे स्थान बदलत असते.

एकोणिसाव्या शतकात महोत्सवाच्या व्यासपीठावर इंग्रजीचा वापर बराच होता. १९५० साली काइरफिली येथील अधिवेशनापासून व्यासपीठावरील सर्व व्यवहार वेल्शमध्येच करण्याचा नियम अमलात आला.

## कंग्हानेद

आसनस्पर्धेसाठी पाठवलेल्या रचनेत कंग्हानेद असणे अनिवार्य आहे. 'कंग्हानेद' या शब्दाचा अर्थ 'सुसंवाद' असा होतो. ओळीच्या एका भागातील व्यंजने किंवा यमके दुसऱ्या भागात ठरावीक नियमाने परत यावीत, असे त्याचे स्वरूप आहे. मराठीतील अनुप्रास ऐच्छिक अलंकार असतो. कंग्हानेद मात्र प्रत्येक ओळीला बंधनकारक असते. त्याचे चार मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे :

* क्रोइस – ओळीच्या पूर्वार्धातील व्यंजने त्याच क्रमाने उत्तरार्धात येतात. स्वर मात्र बदलतात.
* ट्राउस – वरीलप्रमाणेच, परंतु उत्तरार्धाच्या आरंभी काही व्यंजने पुनरावृत्तीविना ओलांडली जातात.
* साइन – ओळीचे तीन भाग पडतात. पहिल्या व दुसऱ्या भागात यमक साधते, तर दुसऱ्या व तिसऱ्या भागात व्यंजनांची जुळणी होते.
* लिस्ग – पूर्वार्धाच्या शेवटचे अक्षर ओळीतील अखेरच्या शब्दाच्या उपान्त्य अक्षराशी यमक साधते.

पहिल्या प्रकाराची कल्पना येण्यासाठी मराठीत 'नदीकाठी – नाद कोठे' अशी शब्दजोडी घेता येईल. दोन्ही भागांत न, द, क, ठ ही व्यंजने याच क्रमाने येतात आणि स्वर भिन्न आहेत. वेल्शमध्ये याखेरीज आघाताचे स्थानही जुळावे लागते. त्यामुळे प्रत्यक्ष नियम या उदाहरणापेक्षा पुष्कळच कडक आहेत.

कंग्हानेदयुक्त दीर्घ कवितेला 'औद्ल' म्हणतात. शेकडो ओळी या बंधनात रचूनही अर्थ ओढून आणल्यासारखा वाटू नये, ही स्पर्धकाची खरी कसोटी असते. हे तंत्र अनेकजण घरातील वडीलधाऱ्यांकडून, गावातील जाणत्या कवींकडून किंवा सायंकालीन वर्गांतून शिकतात. १९७६ साली स्थापन झालेली 'बार्दास' ही संस्था कंग्हानेदच्या प्रसारासाठी नियतकालिक आणि पुस्तके प्रसिद्ध करते.

आसनस्पर्धेला समांतर अशी मुकुटस्पर्धा याच महोत्सवात होते. तीत कंग्हानेदचे बंधन नसलेल्या रचनांचा विचार होतो आणि विजेत्याला मुकुट दिला जातो. एकाच वर्षी दोन्ही सन्मान मिळवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. टी. एच. पॅरी-विल्यम्स यांनी १९१२ आणि १९१५ साली, ॲलन लुइद यांनी १९७३ आणि १९७६ साली, तर डोनाल्ड एव्हान्स यांनी १९७७ आणि १९८० साली, म्हणजे प्रत्येकी दोनदा, हे यश मिळवले.

## प्रवेशाची पद्धत

महोत्सव ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. स्पर्धेची तयारी मात्र त्याच्या बरीच आधी सुरू होते. साहित्य समिती विषय, ओळींची कमाल मर्यादा आणि परीक्षकांची नावे ठरवते. ही माहिती 'विषयसूची' या पुस्तिकेतून प्रसिद्ध केली जाते. विषय बहुधा एका शब्दाचा असतो : 'वीर', 'नदी', 'सुगी', 'वसंत' अशा प्रकारचा. अलीकडील काळात ओळींची मर्यादा सर्वसाधारणपणे दोनशे ते अडीचशेच्या दरम्यान राहिली आहे.

स्पर्धकाने पाळावयाच्या प्रमुख अटी अशा :

1. रचना वेल्श भाषेत, स्वतःची आणि पूर्वी अप्रकाशित असावी.
2. रचनेवर केवळ टोपणनाव असावे. खरे नाव व पत्ता स्वतंत्रपणे, परंपरेने बंद लिफाफ्यात, द्यावा.
3. रचना वसंत ऋतूतील अंतिम मुदतीच्या आत पोहोचावी.
4. विषय ठरवणाऱ्या समितीच्या सदस्याने त्या विभागात भाग घेऊ नये.

टोपणनावाची निवड हा या स्पर्धेतील स्वतंत्र खेळ आहे. ते नाव कवितेच्या विषयाशी सुसंगत असावे, परंतु कवीची ओळख उघड करणारे नसावे अशी अपेक्षा असते. पक्ष्यांची, वनस्पतींची, गावकुसाबाहेरील जागांची, पुराणकथांतील पात्रांची नावे कवी घेतात. वेल्श कविमंडळ आकाराने लहान असल्याने शैलीवरून कवी ओळखला जाण्याची शक्यता राहते. त्यामुळे काही स्पर्धक आपल्या नेहमीच्या लकबी हेतुतः टाळतात.

निकाल निश्चित झाल्यानंतर आयोजक विजेत्याला समारंभाच्या काही आठवडे आधी खासगीत कळवतात. त्याने ही गोष्ट गुप्त ठेवावी असा संकेत आहे व तो कसोशीने पाळला जातो.

## परीक्षण

या स्पर्धेसाठी सामान्यतः तीन परीक्षक असतात. ते बहुधा स्वतः मान्यवर कवी किंवा अभ्यासक असतात. प्रत्येक परीक्षक सर्व रचना स्वतंत्रपणे वाचतो, त्यांची प्रतवारी करतो आणि लेखी अभिप्राय देतो. एकमत न झाल्यास बहुमताचा निर्णय ग्राह्य धरला जातो.

परीक्षकांचे अभिप्राय आणि विजयी रचना 'रचना आणि परीक्षणे' या वार्षिक ग्रंथात छापल्या जातात. आसनसमारंभ संपताच हा ग्रंथ विक्रीस येतो आणि महोत्सवाच्या मैदानावर त्यासाठी झुंबड उडते. पराभूत स्पर्धकांच्या रचनांवरील मतेही त्यात टोपणनावांखाली असतात. आपल्या कवितेची प्रशंसा वा कठोर चिकित्सा वाचणारा कवी गर्दीत उभा असतो आणि ती कविता त्याची आहे, हे शेजाऱ्याला माहीत नसते. अशा रीतीने अनामिकतेमुळे विजेत्याची निवड निःपक्षपाती होण्यास मदत होते आणि नवोदिताला लाज न वाटता मार्गदर्शनही मिळते. अनेक विजेत्यांनी यापूर्वीच्या वर्षांत अयशस्वी प्रयत्न केलेले असतात.

कोणतीही रचना पात्र न वाटल्यास परीक्षक आसन न देण्याचा निर्णय घेऊ शकतात. अशा वेळी 'कोणीही पात्र नाही' असे व्यासपीठावरून जाहीर केले जाते. हा अधिकार प्रसंगी वादग्रस्त ठरला आहे (पहा : नियम आणि वाद).

## आसनसमारंभ

समारंभ महोत्सवाच्या अखेरच्या टप्प्यात, प्रथेप्रमाणे शुक्रवारी, मुख्य मंडपात होतो. गोर्सेदचे सदस्य पांढरे, निळे आणि हिरवे झगे घालून व्यासपीठावर येतात. सभेचा प्रमुख 'महाड्रुइड' म्हणून ओळखला जातो. परीक्षकांपैकी एकजण तिघांच्या वतीने परीक्षण सांगतो. विजेत्याचे टोपणनाव शेवटी उच्चारले जाते.

यानंतर मंडपातील दिवे मंद होतात, कर्णे वाजतात आणि त्या टोपणनावाच्या कवीला, 'आणि फक्त त्यालाच', उभे राहण्यास सांगितले जाते. प्रकाशझोत प्रेक्षकांवरून फिरतो व उभ्या राहिलेल्या व्यक्तीवर स्थिरावतो. तिला जांभळा झगा पांघरून व्यासपीठावर आणतात आणि मग तिचे खरे नाव जाहीर होते.

कवी आसनासमोर उभा असताना महातलवार म्यानातून अर्धवट बाहेर काढली जाते. महाड्रुइड तीन वेळा विचारतो, 'आ ओइस हेदुख?' म्हणजे 'शांतता आहे ना?' प्रत्येक वेळी सभा एकमुखाने 'हेदुख' (शांतता) असे उत्तर देते. तलवार कधीही पूर्ण उपसली जात नाही. त्यानंतर कवी आसनस्थ होतो. मुले फुलांचे नृत्य करतात आणि अन्य कवी त्याला उद्देशून प्रशस्तिपर रचना म्हणतात. आसन कवीच्या कायमच्या मालकीचे होते.

## १९१७ : काळे आसन

एलिस हम्फ्री एव्हान्स (जन्म : १३ जानेवारी १८८७) हा उत्तर वेल्समधील ट्राउस्वनिद या गावचा मेंढपाळ होता. शालेय शिक्षण लवकर संपवून तो 'अर अस्गुर्न' या घरच्या शेतावर काम करू लागला. 'हेद विन' हे त्याचे काव्यनाम होते. त्याचा अर्थ 'शुभ्र शांती' किंवा 'धन्य शांती' असा होतो. १९०७ साली बाला येथील स्थानिक स्पर्धेत त्याने पहिले आसन मिळवले आणि पुढील वर्षांत आणखी काही आसने जिंकली. १९१६ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला दुसरे स्थान मिळाले होते.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती लागू झाली. घरातील एका मुलाने जावे लागणार, अशी स्थिती होती. धाकट्या भावाला जावे लागू नये म्हणून एलिस १९१७ च्या आरंभी सैन्यात दाखल झाला. वसंत ऋतूत नांगरणीसाठी काही सैनिकांना रजा मिळाली. तेव्हाच्या सुमारे सात आठवड्यांत त्याने 'वीर' या विषयावरील औद्ल रचण्याचे काम पुढे नेले. फ्रान्सला जाताना हस्तलिखित घरीच राहिल्याने कविता त्याने वाटेत पुन्हा लिहून काढली, असे सांगितले जाते. जुलै १९१७ च्या मध्यास फ्रान्समधील फ्लेशँ या गावातून 'फ्लर द ली' (लिलीचे फूल) या टोपणनावाने त्याने ती स्पर्धेसाठी पाठवली.

३१ जुलै १९१७ रोजी, ईप्रच्या तिसऱ्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, पिल्केम टेकाडावरील चढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून तो मरण पावला. त्या वेळी तो तीस वर्षांचा होता. कविता परीक्षकांकडे पोहोचली होती आणि आपण वाचत असलेल्या टोपणनावामागे कोण आहे हे त्यांना नियमाप्रमाणे ठाऊक नव्हते.

त्या वर्षीचा महोत्सव इंग्लंडमधील लिव्हरपूलनजीकच्या बर्कनहेड येथे होता. या भागात वेल्श लोकांची मोठी वस्ती होती. ६ सप्टेंबर रोजी झालेल्या आसनसमारंभाला तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज उपस्थित होते. परीक्षण वाचून झाले, कर्णे वाजले आणि 'फ्लर द ली' हे नाव पुकारण्यात आले. कोणीही उभे राहिले नाही. अखेर महाड्रुइड डवेद यांनी विजेता कवी रणांगणावर पडल्याचे सभेला सांगितले. त्याच्या मृत्यूला सदतीस दिवस झाले होते. रिकाम्या आसनावर काळे वस्त्र पांघरण्यात आले आणि पुढे ते आसन त्याच्या आईवडिलांच्या घरी पोहोचवण्यात आले.

हे आसन बेल्जियममधील मेखेलेन येथून युद्धामुळे परागंदा होऊन बर्कनहेडला आलेल्या ऑयगेन व्हान्फ्लेटेरेन या कारागिराने कोरले होते. बेल्जियममध्ये मरण पावलेल्या कवीसाठीचे आसन एका बेल्जियन निर्वासिताच्या हातून घडावे, या योगायोगाचा उल्लेख वेल्श लेखनात वारंवार येतो. तीन वेळा 'शांतता आहे ना?' असे विचारणाऱ्या या सोहळ्यात 'शुभ्र शांती' नावाचा कवीच अनुपस्थित असावा, ही बाबही लोकस्मृतीत खोल रुजली आहे.

हेद विनची समाधी बेल्जियममधील बूझिंगे गावाजवळील आर्टिलरी वुड दफनभूमीत आहे. 'मेंढपाळाच्या कविता' हा त्याचा संग्रह १९१८ साली मरणोत्तर प्रसिद्ध झाला. १९२३ साली ट्राउस्वनिद येथे त्याचा पुतळा उभारण्यात आला. तो सैनिकाच्या नव्हे, तर मेंढपाळाच्या वेशात आहे. त्याच्या जीवनावरील 'हेद विन' (१९९२) हा चित्रपट परभाषी चित्रपटांच्या ऑस्कर पुरस्कारासाठी नामांकन मिळवणारा पहिला वेल्श भाषिक चित्रपट ठरला. अर अस्गुर्न हे घर त्याच्या भाच्यांनी दशकानुदशके सांभाळले. २०१२ साली स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने ते विकत घेतले असून तेथे आता संग्रहालय आहे. काळे आसन तेथेच जतन केलेले आहे.

## नियम आणि वाद

### १९२८ : 'संत'

ट्रिओर्की येथील स्पर्धेत ग्वेनाल्त (डेव्हिड जेम्स जोन्स) यांनी 'संत' या विषयावर औद्ल पाठवली. संतपद गाठण्यापूर्वीच्या नायकाच्या कामवासनेचे स्पष्ट चित्रण तीत होते. परीक्षकांनी ती अनुचित ठरवली आणि कोणालाच आसन दिले नाही. कवितेचे मोजमाप कलेने करावे की नीतीने, यावर वेल्श नियतकालिकांत दीर्घ चर्चा झाली. ग्वेनाल्त यांना त्यापूर्वी १९२६ साली आसन मिळालेले होते व १९३१ साली ते पुन्हा मिळाले. नाकारली गेलेली कविता आज त्यांच्या महत्त्वाच्या रचनांमध्ये गणली जाते.

### १९७६ : 'वसंत'

११७६ च्या मेळाव्याला आठशे वर्षे झाल्यानिमित्त हा महोत्सव कार्डिगन येथेच भरला होता. परीक्षकांनी 'वसंत' या विषयावरील एक रचना सर्वोत्कृष्ट ठरवली. टोपणनावामागील नाव उघड झाले तेव्हा ते याच परिसरातील शेतकरी कवी डिक जोन्स यांचे निघाले. जोन्स हे स्थानिक साहित्य समितीचे सदस्य होते. त्यामुळे नियमानुसार ते स्पर्धेस अपात्र होते. आसन दुसऱ्या क्रमांकाच्या ॲलन लुइद यांना देण्यात आले. त्यांनी त्याच वर्षी मुकुटही जिंकला होता. जोन्स यांच्या कवितेची गुणवत्ता कोणीच नाकारली नाही आणि नियमही स्पष्ट होता. म्हणूनच हा वाद दीर्घकाळ चालला. अनामिकतेमुळे परीक्षक कवितेबाबत निष्पक्ष राहू शकतात, परंतु कवीची पात्रता तपासण्याचे काम मात्र निकालानंतरपर्यंत लांबते, ही पद्धतीतील उणीव या प्रसंगाने समोर आली. डिक जोन्स पुढे २००८ साली महाड्रुइड झाले.

### एकापेक्षा अधिक विजय

डेवी एमरिस यांनी १९२९, १९३०, १९४३ आणि १९४८ अशी चार वेळा आसने जिंकली. त्यानंतर एका कवीला दोनच आसने मिळू शकतील असा नियम करण्यात आला. हे बंधन पुढे दूर झाले. २०२३ साली बोदिआन येथे ॲलन लुइद यांनी आपले तिसरे आसन मिळवले.

## स्त्रियांचा सहभाग

टोपणनावामुळे स्पर्धकाचे लिंग परीक्षकांना कळत नसे. तरीही राष्ट्रीय महोत्सवाच्या पहिल्या शतकात आसनस्पर्धेतील सर्व विजेते पुरुष होते. कंग्हानेदचे शिक्षण प्रामुख्याने पुरुषांच्या मंडळांतून दिले जात असे, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. निर्णयप्रक्रिया निष्पक्ष असली, तरी प्रवेशापूर्वीची विषमता तिने भरून निघत नाही, असे यावरून दिसते. डिलिस कडवालाडर यांनी १९५३ साली ऱ्हिल येथे मुकुट जिंकला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. आसनासाठी मात्र २००१ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी डेन्बी येथे मेरेरिद हॉपवुड यांनी 'पुनर्जन्म' या विषयावरील रचनेसाठी आसन मिळवले. प्रौढपणी कंग्हानेद शिकलेल्या हॉपवुड यांनी पुढे मुकुट आणि गद्यपदकही जिंकले. २०२४ साली त्या महाड्रुइड झाल्या. क्रिस्टीन जेम्स (२०१३–२०१६) या त्यापूर्वीच्या पहिल्या स्त्री महाड्रुइड होत.

## निवडक आसनविजेते

* १९०२, बँगोर – टी. ग्विन जोन्स, 'आर्थरचे प्रयाण'
* १९१२, रेक्सम – टी. एच. पॅरी-विल्यम्स (त्याच वर्षी मुकुटही)
* १९१७, बर्कनहेड – हेद विन, 'वीर' (मरणोत्तर)
* १९२६, स्वॉन्झी – ग्वेनाल्त, 'मठवासी'
* १९६६, ॲबरॲव्हन – डिक जोन्स, 'सुगी'
* १९७५, क्रिकिएथ – गेरालत लॉइड ओवेन, 'नदी'
* २००१, डेन्बी – मेरेरिद हॉपवुड, 'पुनर्जन्म'
* २०२३, बोदिआन – ॲलन लुइद (तिसरे आसन)

## प्रभाव

राष्ट्रीय स्पर्धेखेरीज वेल्समधील गावे, चर्च, शाळा आणि महाविद्यालये आपापले आइस्तेदवॉद भरवतात. मुलांसाठी व तरुणांसाठी 'उर्द' या संघटनेचा स्वतंत्र महोत्सव असतो. लहान आसने देणाऱ्या अशा स्थानिक स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पहिली पायरी ठरतात. हेद विनचा प्रवासही अशाच स्पर्धांतून झाला. १८६५ पासून अर्जेंटिनातील पॅटागोनियात स्थायिक झालेल्या वेल्श वसाहतीनेही ही परंपरा जपली असून तेथील चुबूत खोऱ्यात आइस्तेदवॉद भरतो.

बीबीसीच्या वेल्श रेडिओवर १९७९ पासून 'टालुर्न अ बेयर्द' हा कविसंघांचा कार्यक्रम होतो. 'टालुर्न' म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा. त्यात संघांना विषय, वृत्त किंवा अपूर्ण ओळ देऊन रचना करण्यास सांगितले जाते; भारतीय परंपरेतील समस्यापूर्तीशी त्याचे साम्य आहे. या कार्यक्रमातील परीक्षकाला 'मेइरिन' म्हणतात. हे मुळात आर. जे. रोलंड्स या परीक्षक-कवीचे काव्यनाम होते. त्यांच्यानंतर ते वेल्श भाषेत 'काव्यस्पर्धेचा परीक्षक' या अर्थाचे सामान्यनाम बनले.